येन्सची राहिलेली जागा

मित्राचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दर भेटीत एक जण आठवण काढतो, दुसरा त्यात मीठमसाला घालतो आणि बघता बघता पोतंभर साठतात. आमच्याकडे येन्सचे आहेत. मिलिंद आता नेपरव्हिलला असतो. त्याची बायको येन्सला कधी भेटलेली नाही, पण आम्ही काही चुकीचं सांगितलं तर किचनमधून ओरडून दुरुस्त करते!

२००४च्या आसपास आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकत होतो. रविवारी युनिव्हर्सिटीच्या ग्राउंडवर फुटबॉल. कॅप्टन गिरीश कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेला, म्हणजे आमच्यातला एकमेव खरा फुटबॉलवाला. बाकी सगळे क्रिकेटवरून वळलेले, त्यामुळे प्रत्येकाला फॉरवर्ड खेळायचं असे. मला पळणं जमत नसल्याने मी गोलकीपर.

* * *

एका रविवारी एक उंच डॅनिश माणूस मुलीची बाबागाडी ढकलत आला आणि बघत उभा राहिला. आमच्यात एक भिडू कमी होता. गिरीशने विचारलं, "खेळणार? कुठे खेळता?"

"जिथे माणूस नसेल तिथे."

आमच्या डिफेन्समध्ये कधीच माणूस नसे. त्याने बाबागाडी माझ्या गोलपोस्टमागे लावली आणि जाऊन उभा राहिला. पुढचे काही रविवार गिरीशने त्याला टॅकल कसा करायचा ते अगदी तळमळीने शिकवलं. येन्स मान डोलवून "थँक यू" म्हणायचा.

मग एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याची बायको भेटली. ती गिरीशच्याच लॅबमध्ये रिसर्चला आली होती. सहज म्हणाली, "रिटायर झाल्यापासून घरी कंटाळला होता बिचारा. डेन्मार्ककडून खेळायचा ना!"

गिरीशचा घास हातातच राहिला. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"तू छान शिकवत होतास," येन्स म्हणाला.

* * *

त्याचं करिअर ऐकण्यासारखं होतं. पहिल्या इंटरनॅशनल मॅचला लेफ्ट बॅक आजारी पडला म्हणून हा डावीकडे. पुढच्या मॅचला उजवीकडे. मग मध्ये. एकदा गोलकीपरला रेड कार्ड मिळालं आणि सब्स्टिट्यूट संपले होते, तर ग्लोव्ह्ज घालून गोलमध्येसुद्धा! त्याची आई टीव्हीसमोर बसून त्याला शोधत राहायची आणि मॅच संपली की फोन करायची, "आज कुठे होतास रे?"

"एकच जागा राहिली," तो म्हणायचा. "फॉरवर्ड. देशासाठी एकही गोल नाही. क्लबसाठीही नाही."

हे तो हसत सांगायचा, पण दर वेळी सांगायचा. आम्हाला वाईट वाटायचं. तरी रविवार आला की फॉरवर्डची जागा आमच्यातला कुणी सोडत नसे!

* * *

गणपती आमच्या अपार्टमेंटमध्ये बसायचा. कापूर पेटला की स्मोक अलार्म ठणाणा करणार हे ठरलेलं. त्या वर्षी येन्सला बोलावलं. त्याने वर पाहिलं, टॉवेल मागितला आणि अख्खी आरती अलार्मखाली उभा राहून टॉवेल हलवत राहिला. अलार्म एकदाही वाजला नाही. आम्ही प्रथमच पाचही आरत्या निवांत म्हटल्या.

मिलिंदची आई इकडे आलेली होती. ती म्हणाली, "अरे, त्या उंच भाऊंना आधी प्रसाद द्या. देवामागे उभे राहून दमले असतील."

गिरीशने चेष्टेत विचारलं, "काय येन्सराव, आजची पोझिशन कोणती?"

"सेंटर बॅक," मोदक खात तो म्हणाला.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात बायकोचा रिसर्च संपला आणि त्यांचं परत जायचं ठरलं. शेवटच्या रविवारी केमिस्ट्रीवाल्यांशी मॅच होती. गिरीशने जाहीर केलं, "आज येन्स फॉरवर्ड. त्याचा गोल झालाच पाहिजे!"

"यार, मग बाहेर कोण बसणार?" मिलिंदने विचारलं.

"बाहेर कुणी नाही. मी डिफेन्सला जातो," गिरीश म्हणाला. ज्याने जन्मात फॉरवर्डची जागा सोडली नव्हती, तो!

मॅचभर आम्ही येन्सलाच पास देत राहिलो. काही केल्या गोल होईना. त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन ओरडत होती.

शेवटच्या मिनिटाला गिरीशने मागून लांब किक मारली. पुढे येन्स एकटा पळत होता. केमिस्ट्रीचा गोलकीपर बॉल अडवायला पुढे आला आणि घसरून पडला. बॉल त्याच्यावरून टप्पा खाऊन रिकाम्या गोलकडे हळूहळू निघाला. येन्सने नुसता पाय लावायचा होता. खरं तर तोही लावायची गरज नव्हती.

येन्स सुसाट धावला, गोललाइनवर बॉलला गाठलं, अंग झोकून स्लाइड मारली आणि बॉल लांब मैदानाबाहेर काढला!

मग केमिस्ट्रीचा गोलकीपर उठला आणि त्याने येन्सला मिठीच मारली.

आम्ही धावत गेलो. येन्स गवतात उताणा पडून हसत होता. गिरीशने त्याला हात देऊन उठवलं. "अरे, हे काय केलंस? तुझा गोल होता तो!"

येन्सने मोठा श्वास सोडला.

"बरं झालं! गेला असता तर वीस वर्षं चुकीच्या जागी खेळलो असं वाटलं असतं."