बोटीवरचा बोका

माझ्या वयाच्या बायका सुनांवर जळतात, फार झालं तर विहिणीवर. मी एका बोक्यावर जळते.

बोका माझाच. सोलापुरात, आमच्या न्हाणीतल्या बंबामागं जन्मलेला, दूध-भाकरीवर वाढलेला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, याचे केस डोळ्यात जातील. थोडे दिवस आम्ही नेतो." नात आणि नातजावई गोव्याला असतात, शिडाच्या बोटीवर. पाहुण्यांना घेऊन कारवारकडच्या बेटांवर जातात. माझा डोळा बरा झाला, आणि त्या डोळ्यानं पहिलं स्वच्छ काय दिसलं, तर मोबाइलवर माझा बोका! बोटीच्या पुढच्या टोकावर बसून वारा खातोय. आमच्याकडं त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार नव्हता, आणि ह्या लेकाच्या चारी बाजूंना पाणी.

मग रोज नवा फोटो. एका बेटावर खेकड्यामागं पळाला, दुसऱ्यावर नारळाच्या सावलीत लोळला. मी मात्र अजून समुद्र पाहिलेला नाही.

तो का पाहिला नाही, तेही सांगते. लग्नानंतर ह्यांच्या कारखान्यातली मंडळी जोडीनं गणपतीपुळ्याला निघाली होती. मी मुरका मारून म्हणाले, "आमाला न्हाय बाई जमायचं, घरात भाकऱ्या कोण थापणार?" जणू मी थापल्या नसत्या तर अख्खं सोलापूर उपाशी झोपलं असतं! मला वाटलं, हे आग्रह करतील. ह्यांनी आमच्या जागा दीर-जावेला देऊन टाकल्या. जाऊ ओटीभर शिंपले घेऊन आली, आणि मी गल्लीत सांगत फिरले, "समुद्र म्हंजे काय, मोठा तलावच की!" गावातल्या कंबर तलावाच्या पुढं काही न बघितलेली दीडशहाणी.

आता मात्र मी डाव टाकला. बोका कुठंही असो, कडक भाकरी मोडल्याचा कट्‌ आवाज आला की ताटलीपाशी हजर व्हायचा. म्हणून कडक भाकरीचं पार्सलच पाठवलं. म्हटलं, घराची आठवण आली की तिथं राहायचा नाही. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, हे आम्ही सोलापूरकर साऱ्या जगाला सांगतो. समुद्राला कुणी सांगितलं नव्हतं. नातीनं व्हिडिओ कॉल लावून मोबाइलसमोर भाकरी मोडली, तर ती चामड्यासारखी नुसती वाकली. बोक्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"आजी, मऊ पडली गं."

"तुझ्या समुद्रालाच सर्दी झालीय. थांब जरा."

मी डब्यातली भाकरी काढली, मोबाइलला चिकटवून मोडली. कट्‌! बोका शेपूट ताठ करून धावत आला आणि मोबाइलचा पडदाच चाटायला लागला. मी सुनेला ओरडून हाक मारली, "बघ, बघ, वळकलं की मला!" ती पदराला हात पुसत येईपर्यंत तिकडं नातजावयानं बांगडा कापायला घेतला होता, आणि बोका आम्हाला पाठ करून बसला होता. बांगडा! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

नातीला माझं तोंड दिसलं असावं. "आजी, पुढच्या आठवड्यात आम्ही येतोय. आणू का त्याला? तुझाच आहे तो."

'व्हय' अगदी ओठांवर आलं होतं. पण तो आला असता तर काय, दोघं पंख्याखाली बसून नळाची वाट बघत राहिलो असतो. आणि खरं सांगायचं, तर एव्हाना मला बोक्यापेक्षा त्याची जागाच जास्त हवी होती.

"आणू नको," मी म्हणाले. "जाताना मला घेऊन जा."

सून मागून म्हणाली, "अत्या, मंगळवेढ्याच्या एसटीत तुमाला उलटी होती. बोटीवर कसं व्हायचं?"

"होऊ दे की. तितं कंडक्टर तरी वरडणार न्हाय." मग नातीला म्हटलं, "आणि एक आत्ताच सांगून ठेवते. ती पुढची जागा माझी."

"आजी, तिथं दुसरं कुणी बसलं की तो ओरबाडतो."

"ओरबाडू दे. मी पण नखं वाढवून येते."