मारोतभाऊंचा थेंब सरकला

सकाळी सात वाजता मारोतभाऊंकडे गेलं की ते आधी एक बोट वर करायचे. बोट वर म्हणजे गप्प. दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरून ते कंदिलाच्या काचेत पडणारे थेंब मोजत उभे असायचे. मिनिट पुरं झालं की बोट खाली यायचं आणि मग, "हं, बोला बाई." घराला आग लागली असती तरी तेवढं मिनिट थांबावं लागलं असतं, असं मी चिडवायचे. ते हसायचे नाहीत. "चाळीस पाह्यजे. पंचेचाळीस झाले का चव पळते," एवढंच बोलायचे.

भद्रावतीहून माजरीकडे जाताना आमच्या गावाच्या टोकाला पाच घरांची एक ओळ होती. चौथं घर आमचं, पाचवं त्यांचं, मधली भिंत एकच. मी गावच्या शाळेत शिक्षिका. ते कोळसा खाणीच्या सर्व्हे विभागातून निवृत्त झालेले मदतनीस. साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि हे जमिनीखाली ओळंबा धरून उभे राहायचे, अशी तीसेक वर्षं काढलेली. बायको गेल्यापासून एकटेच होते. मुलगी हैदराबादला. तिनं त्यांना एकदा कॉफीच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथे उंच काचेच्या नळकांड्यातून थेंबाथेंबानं उतरणारी थंड कॉफी बघत हे तीन तास खुर्चीवरून हलले नाहीत. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावी परत आल्यावर आठवड्याभरात त्यांनी ते यंत्र स्वतःच उभं केलं.

मागच्या खोलीच्या भिंतीत एक लोखंडी पट्टी ठोकलेली. तिच्यावर तळ कापून उलटी टांगलेली प्लास्टिकची बाटली, बाटलीत माठाचं पाणी आणि बर्फ. बुचातून निघालेली सलाइनची कोरी नळी, औषधाच्या दुकानातून आणलेली. थेंब कमीजास्त करायला नळीचंच चाक. खाली हातभर अंतरावर, त्याच पट्टीला बांधलेली कंदिलाची काच. काचेच्या बुडाला मलमलचं फडकं, आत जाडसर दळलेली कॉफी, कॉफीवर गोल कापलेला कागद आणि कागदाच्या बरोब्बर मध्यावर पेन्सिलची फुली. थेंब त्या फुलीवरच पडला पाहिजे, हा हट्ट. कडेला पडला तर कॉफी एकाच बाजूनं भिजते, म्हणायचे. सगळ्यात खाली लोणच्याची बरणी. सकाळी लावलं की दुपारी, आमच्याकडच्या मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही अशा वेळी, बरणीत गार काळी कॉफी तयार. पहिल्यांदा मी काढा समजून नाक मुरडलं. दुसऱ्या घोटाला मागून गोडवा आला आणि मी रोजची गिऱ्हाईक झाले.

त्या मे महिन्यात माझ्या मुलीचं, स्वातीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. घरीच, मागच्या परसात. साठेक माणसं. आठ दिवस आधी मारोतभाऊ दारात आले आणि म्हणाले, "बाई, थेंब सरकला."

मला काही कळेना. त्यांनी मला नेऊन दाखवलं. कागदावरचा ओला डाग फुलीच्या शेजारी, परसाच्या बाजूला पडला होता. ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर.

"पट्टी वाकली असेल, भाऊ."

"मीबी तेच म्हणलो. पट्टी काढली, ओळंबा लावून पुन्हा बसवली. चार दिवसांत पुन्हा दाणाभर गेला. थेंब सरळच पडते बाई. भिंत कलून राह्यली. खालून जमीन बसून राह्यली."

आमच्या घरांखाली फार जुन्या काळी कोणीतरी कोळसा काढला होता, असं म्हातारी माणसं सांगायची. कुठे, किती, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा नकाशाही नव्हता. वर आता खाणीतल्या स्फोटांनी भांडी रोजच वाजत. भेगा कोणाच्या घरात नव्हत्या? भाऊ बाकीच्या चारही घरी जाऊन सांगून आले. "बुढ्याले काफी चढली," असं म्हणून लोक हसले. त्यांनी खाणीच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथला एक माणूस येऊन भिंती बघून गेला आणि उन्हाच्या भेगा आहेत म्हणाला.

भाऊ पुन्हा माझ्याकडे आले. या खेपेला त्यांनी माझ्या मागच्या दाराला हात लावला. "हे दार अडकून राह्यलं का, बाई?"

अडकत होतं. चारेक दिवस मी ते खांद्यानं ढकलून उघडत होते.

"दार पावसात फुगते. उन्हात फुगते का कधी? मंग हे काऊन अडकते?" मी दाराची कड चाचपून बघितली. "साक्षगंध इथी नोका करू. परसात तं नाईच नाई."

मी भडकले. पत्रिका वाटून झालेल्या, आचारी ठरलेला. "तुमच्या कॉफीचा थेंब सरकला म्हणून मी व्याह्यांना काय सांगू?" असं मी फाडकन बोलले. दाराचं कोडं मला पडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मुलीच्या लग्नात आईला दार दिसत नाही.

साक्षगंधाच्या सकाळी परसात साठ खुर्च्या मांडून झाल्या आणि मारोतभाऊ आपली खुर्ची घेऊन आले. ती आमच्या मागच्या दारात, परसात जायच्या एकुलत्या वाटेवर, आडवी टाकली आणि बसले. कोरपन्याहून व्याही येऊन पोचले होते. माझ्या यजमानांनी आधी हात जोडले, मग आवाज चढवला. भाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

"मारा लागन तं मारा," ते म्हणाले, "पण साठ मानसं त्या जागेवर मी उभी नाई राहू देत."

"कोण आहेत हे?" नवऱ्या मुलाची आई मला विचारत होती. शेजारी आहेत, असं सांगताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी माझ्याकडे शाळेची किल्ली होती म्हणून निभावलं. भर उन्हात आम्ही पातेली, पाट, पाहुणे, परसातल्या खुर्च्या सोडून सगळं शाळेच्या व्हरांड्यात हलवलं. मुहूर्त टळला. नवऱ्या मुलाची आई जेवणावरून अर्धवट उठली.

आणि परसात काहीसुद्धा झालं नाही. संध्याकाळी परत आलो तर साठ खुर्च्या जशाच्या तशा.

"झालं समाधान?" मी त्यांना ऐकवलं. "माझ्या पोरीच्या चांगल्या दिवसाला गालबोट लावलंत."

"नाई खचलं, लय चांगलं झालं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण समोरच्या खोलीतच ऱ्हाजा, बाई."

त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. दुपारी त्यांनी कुंपणावरून पेला पुढे केला की मी आत निघून जायचे. राहत मात्र होतो समोरच्याच खोलीत. तिथे कूलरची हवा चांगली लागते, असं मी घरात सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी समोर तांदूळ निवडत बसले होते. मागे धान्याची मोठी गोणी टाकल्यासारखा आवाज झाला. मग पायाखालची फरशी थरथरली आणि खोलीत धूळ भरली. मी स्वातीला ओढत रस्त्यावर पळाले. धूळ बसल्यावर दिसलं. खुर्च्या मांडल्या होत्या तिथे परस नव्हतंच. विहिरीसारखा खड्डा होता आणि त्याचा तळ दिसत नव्हता. मारोतभाऊंची मागची खोली भिंतीसकट आत गेली होती. पाचही घरांतली माणसं रस्त्यावर होती, सगळी धडधाकट. साठ माणसं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. नवऱ्या मुलाची आई अगदी मधल्या खुर्चीवर बसणार होती.

मारोतभाऊ रस्त्याच्या कडेला उभे होते. मला वाटलं, आता ते काहीतरी ऐकवतील आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. मी त्यांचे पाय धरायला वाकले. "भाऊ, चुकले मी."

त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं.

"तुमचं काय चुकलं, बाई? मी तं भद्रनागाले नारळ बोललो होतो. म्हणलो, देवा, मले खोटा पाड. सारं गाव हसू दे मले, पण खोटा पाड." आणि ते तिथेच मातीत बसून लहान मुलासारखे रडले.

पुढे आम्हा सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळाली. भाऊ मुलीकडे हैदराबादला गेले आणि तिथेच दोन वर्षांनी वारले. तिचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मुलांना शुद्धलेखन घालून दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून नवस बोलणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. खोटं ठरावं म्हणून बोलणारा एकच भेटला, आणि त्याच्याशी मी सहा दिवस अबोला धरला.