सत्काराच्या बॅनरला आमचे गोलपोस्ट

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ निखिल माल्टात एका क्लबकडून स्ट्रायकर म्हणून खेळतो. सध्या सुट्टीवर घरी आलाय. आज मोहोपाड्यातल्या आमच्या मैदानावर मंडळाने त्याचा सत्कार ठेवला होता. याच मैदानावर मी मुलींना फुटबॉल शिकवते. सत्कार झाल्यावर निखिल त्यांच्याबरोबर खेळणार होता, म्हणून पोरी बूट चढवूनच आल्या होत्या.

पोचलो तर गोलपोस्ट गायब! स्टेजमागे बघितलं, तर त्याच खांबांना निखिलचा भलामोठा बॅनर बांधलेला. खांब चक्क गॅस कटरने बुडातून कापले होते.

मी मंडळाच्या अध्यक्षकाकांना गाठलं. ते हसत म्हणाले, "अगं, तुज्या भावाचाच बॅनर हाय ना? आन् क्रिकेटच्या मॅचला ते खांब मधेच येत व्हते. बरंच झालं."

निखिलने स्टेजवर जाऊन शाल, नारळ, ट्रॉफी, भाषणं, फोटो सगळं निमूटपणे उरकलं. मग खाली उतरून त्याने एका बाजूला सत्काराचा नारळ ठेवला, दुसऱ्या बाजूला ट्रॉफी, आणि पोरींना म्हणाला, "चला, हा आपला गोल."

पहिला बॉल मारायच्या आतच माइकवरून काका ओरडले, "निखिल, नारळाला पाय लागंल रं! अपमान होतो!"

नारळ उचलला आम्ही. आता उद्या पोरी प्रॅक्टिसला येतील. त्यांनी गोल कुठे मारायचा, सांगेल का कुणी?