बर्फवाले डॉक्टर आणि त्यांच्या जोड्या

सर कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागून प्यायचे. टायफॉइडवर संशोधन करणारा माणूस, आणि ज्या विहिरीत जंतू असल्याचा त्यांना दाट संशय, तिचंच पाणी तांब्याने घटाघटा प्यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यापुढे आलेला पेला मी तसाच परत केला. परतताना विचारलं, तर स्कूटर न थांबवता म्हणाले, "अगं, ज्याच्या घरचं पाणी आपण पीत नाही, तो आपल्याला रक्त कशाला देईल?" ते लस वेळच्या वेळी घ्यायचे, तरीही एकदा चांगले अंथरुणाला खिळले होते. त्या दुखण्याबद्दल ते कौतुकाने बोलत. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते कौतुक अजिबात मान्य नव्हतं.

नाशिकला द्वारकेच्या चौकातून जरा आत गेलं की एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. दोन खोल्या, एक इनक्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह आणि भिंतीला लावलेला एक म्हातारा डीप फ्रीझर. खालून दिवसभर ट्रकचे हॉर्न. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी सूक्ष्मजीवशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते. आमचा फुलांचा मळा. पोरगी गुलाब सोडून जंतूंच्या मागे लागली म्हणून घरात माझी यथेच्छ थट्टा चाललेली. मुलाखतीत सरांनी शास्त्रातलं काही विचारलंच नाही. "हार करता येतो?" म्हणाले. मी हो म्हटलं. "मग तुझी गाठ सुटत नसेल. उद्यापासून ये."

सायखेड्याकडच्या गावांमध्ये त्यांना सगळे बर्फवाले डॉक्टर म्हणत. द्वारकेजवळच्या कारखान्यातून सकाळी बर्फ घ्यायचा, फोडून मोठ्या थर्मासमध्ये भरायचा, तो स्कूटरच्या पुढ्यात ठेवायचा आणि निघायचं. मी मागे, मांडीवर रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन. त्या डब्या कशासाठी आहेत हे गावाला माहीत असल्यामुळे आम्ही दिसलो की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुरुष रक्त द्यायला एकवेळ तयार व्हायचे, पण सकाळी शौचाला जाताना डबी न्यायची म्हटलं की त्यांना एकदम शेतातली कामं आठवायची. सर चिडत नसत. कुणाच्या तरी ओट्यावर बसून फ्लॉवरच्या भावाबद्दल बोलत राहायचे. अर्ध्या तासाने एकेक डबी गुपचूप पिशवीत यायची.

त्यांचा प्रश्न एकच होता. एका घरात सगळे एकच पाणी पितात, एका ताटातलं खातात. तिघं तापाने फणफणतात आणि चौथ्याच्या पोटात तोच जंतू वर्षानुवर्षं सुखाने नांदतो, त्याला साधी कणकण येत नाही. असं का? इतर लोक जंतूचा अभ्यास करत होते, काही जण रोग्याचा. सर म्हणायचे, "भाडेकरू बघून घर कळत नाही, घर बघून भाडेकरू कळत नाही. दोघांना एकत्र बघायला पाहिजे." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की पुढे पुढे त्यांनी 'भाडेकरू' म्हटलं की उरलेलं मीच पूर्ण करायची.

या प्रश्नाची सगळ्यात जिवंत खूण म्हणजे आक्का. सायखेड्यापासून थोडं पुढे तिची वस्ती होती. टोमॅटो, कांदा करणारं घर. गावातल्या लग्नकार्यात भाजी तिच्याच हातची असायची. तिच्या दोन्ही सुना टायफॉइडने आजारी पडून उठल्या, नातू मरता मरता वाचला आणि आक्का ठणठणीत. तिच्या डबीत जंतू सापडला तेव्हा सरांनी गावात कुणाला कळू दिलं नाही. एकटीला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं, बरेच दिवस घ्यायचं औषध दिलं आणि जंतू जाईपर्यंत लग्नाच्या स्वयंपाकाला जायचं नाही म्हणून वचन घेतलं. आक्का रडली नाही. तिने सरळ विचारलं, "डाक्तर, पोराला मारत व्हता त्यो किडा मला काहून सोडीत व्हता? माझ्यात असं काय हाय?"

"तेच शोधतोय, आक्का. कळलं की पहिलं तुला सांगीन."

"सांगा मंग. म्या वाट पाहीन."

आता जोड्यांबद्दल. अशा प्रत्येक माणसाच्या दोन नळ्या फ्रीझरमध्ये असायच्या, एकीत त्याच्या पोटातला जंतू आणि दुसरीत त्याच वेळी काढलेल्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम. औषधाने माणूस बरा झाला की त्याच्यातला जंतू संपायचा, मग जगात तो फक्त आमच्या फ्रीझरमध्ये उरायचा. म्हणून ही जोडी एकदाच मिळे. दोन्ही नळ्यांवर सर चिकटपट्टीचा तुकडा लावत, दवाखान्यात जखमेवर लावतात ती कापडी पट्टी, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने क्रमांक लिहीत. क्रमांकापुढचं नाव त्यांच्या वहीत, वही कुलपात. मग दोन्ही नळ्या हाराच्या दोऱ्याने एकत्र बांधायच्या. दोरा आमच्या घरून यायचा, गाठ माझी. मी एकदा म्हटलं, "सर, आता चांगली मार्कर पेनं मिळतात." ते म्हणाले, "मिळू देत. शिसपेन्सिलीला स्पिरिट काही करत नाही." मी मान डोलावली. हे मलाही माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही असतं.

दहाएक वर्षं गेली. लोडशेडिंगचे दिवस आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की सर स्कूटरवरून एक हात सोडून त्यांना नमस्कार करायचे. "वीज ह्यांच्या पोटी जन्मते आणि आपल्याच घरी येत नाही!" मागे बसलेली मी जीव मुठीत धरून दोन्ही हातांनी स्टेपनी पकडायची. वीज गेली की आम्ही फ्रीझरवर घोंगडी टाकायचो आणि बर्फाच्या पिशव्या आत सरकवायचो. जनरेटरसाठी सरांनी ट्रस्टला किती अर्ज लिहिले असतील, देव जाणे. निवृत्ती जवळ आली होती. तेवढ्यात बाहेरच्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. सगळ्या जोड्या ती संस्था घेणार होती. त्यांच्याकडे यंत्रं होती, माणसं होती. सरांना ज्याचं उत्तर शोधता आलं नव्हतं ते तिथे शोधता आलं असतं. ते पत्र वाचून सर म्हणाले, "आक्काला आता फार थांबावं लागणार नाही."

पाहुणे सोमवारी येणार होते. त्याआधी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते आठवडाभर डोळ्यावर पट्टी बांधून घरी बसले. मला वाटलं, चांगली संधी आहे. मोठ्या संस्थेची माणसं येणार आणि आम्ही त्यांना काय दाखवणार, तर फुलवाल्याचा दोरा आणि मळकी चिकटपट्टी? मला लाज वाटली. खरं सांगायचं तर सरांपेक्षा मला माझी जास्त काळजी होती. मी नव्या प्लॅस्टिकच्या रॅक आणल्या. माझ्याच हाताने बांधलेल्या गाठी कात्रीने कापल्या. पट्ट्या सोलून काढल्या आणि नव्या मार्कर पेनने थेट नळ्यांवर क्रमांक घातले, सुबक, एका वळणाचे. कुठल्या खणात कुठली नळी याचा नकाशा आधी काढायचा असतो. तो मी पाहुणे येऊन गेल्यावर काढणार होते.

सोमवारी पहाटेपासून वीज नव्हती. मी पोहोचले तेव्हा फ्रीझरमधला बर्फ सुटायला लागला होता आणि वरच्या रॅकमधल्या काही नळ्या तडकून त्यांतलं खाली ओघळलं होतं. जिवंत टायफॉइड! आमच्या धंद्यात सांडलं की हात विचार करत नाही, आधी स्पिरिटकडे जातो. मी सगळ्या नळ्या मोठ्या ट्रेमध्ये ओतल्या, वरून स्पिरिट टाकलं आणि कापसाने एकेक पुसायला घेतली. अगदी नीट, शिकवलं होतं तशी. कापूस निळा झालेला दिसला तोवर निम्म्या नळ्या पुसून झाल्या होत्या, आणि उरलेल्यांवरची शाई ट्रेमध्ये पसरली होती. तडकलेल्या सोडल्या तर आत सगळं शाबूत होतं. फक्त कुठला जंतू कुणाचा आणि कुठलं रक्त कुणाचं, हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

सर पट्टी काढून, काळा चष्मा घालून आले. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते ट्रेपाशी गेले. एक नळी उचलून डोळ्याजवळ धरली. ऑपरेशनमुळे दिसत नाहीये असं त्यांना वाटलं असावं, कारण ती त्यांनी माझ्यापुढे केली आणि विचारलं, "हिच्यावर काही आहे का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरी उचलली. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसरी त्यांनी उचलली नाही.

पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवून संस्थेला पत्र सांगायला सुरुवात केली. त्यात एक वाक्य होतं, 'नळ्यांची लेबलं बदलण्याचा निर्णय माझा होता.' माझी बोटं थांबली. मी मागे वळून पाहिलं. सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुला अजून नोकऱ्या करायच्या आहेत. मला नाहीत. टाइप कर." मी टाइप केलं. प्रिंट काढली आणि सहीसाठी पेनही मीच पुढे केलं. नको, असं लिहू नका, असं म्हणायला मला पुरेसा वेळ होता. मी म्हटलं नाही.

त्यानंतर सर मला घेऊन आक्काकडे गेले. नव्या नमुन्यांचा काही उपयोग नव्हता, तिच्यातला जंतू त्यांनीच कधीचा घालवला होता. थर्मास मात्र सवयीने बरोबर घेतला होता. आक्का आता थकली होती, ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"आक्का, तुला उत्तर देईन म्हणालो होतो. ते आता जमणार नाही. हरवलं."

"तुमच्याकडून हरवलं?"

"हो. माझ्याकडून."

आक्काने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली होती. तिला काय कळलं कोण जाणे. सुनेला हाक मारून म्हणाली, "पानी आन गं. डाक्तर लांबून आलं हायेत." सरांनी तांब्या तोंडाला लावला, पण त्या दिवशी तो अर्धाच प्यायले.

संस्थेने जोड्या घेतल्या नाहीत. मला मात्र घेतलं, सरांच्याच शिफारशीवर. निवृत्तीनंतर ट्रस्टने फ्रीझर रिकामा करून नळ्या नष्ट केल्या. पुढे अशा तपासण्या आल्या की त्या नळ्या असत्या तर त्यांच्या आधाराने कुठलं रक्त कुणाचं, हे निदान काही नळ्यांपुरतं तरी शोधता आलं असतं. दोन वर्षांनी सर गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू माझा हात धरून म्हणाल्या, "नेहमी म्हणायचे बघ, इतक्या काळजीने काम करणारी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही." मी चहा संपवला आणि गाडी गाठायची आहे म्हणून उठले.

आज माझ्या हाताखाली शिकायला मुलं येतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना शिसपेन्सिल आणि कापडी चिकटपट्टी देते आणि नाशिकच्या त्या फ्रीझरची गोष्ट सांगते. वर्षानुवर्षं मी ती पत्रात लिहिली होती तशीच सांगत आले. एका डॉक्टरांनी लेबलं बदलली, वगैरे. एकदा एक मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, एवढे मोठे संशोधक आणि स्पिरिटने शाई जाते एवढंही कळू नये त्यांना?" सगळी मुलं हसली.

मी म्हटलं, "त्यांना कळत होतं. मला कळलं नव्हतं. लेबलं मी बदलली."

हे वाक्य मी त्या पत्राची प्रिंट काढण्याआधी म्हणायला हवं होतं, सर खिडकीकडे तोंड करून उभे होते तेव्हा.