एका संगणकावरचे दोघे

मकबूल गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामावर होतो. "विनायकभाई, हे गेले..." एवढंच शाहीनभाभी म्हणाली आणि पुढचं तिच्या भावाने सांगितलं. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तसाच निघालो. त्यांच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत हे ठाऊक होतं, तरी घाट उतरताना वाटत होतं, माती तरी देता येईल. रत्नागिरीच्या अलीकडे हातखंब्याला पोचलो आणि पुन्हा फोन वाजला. दफन झालं होतं. गाडी बाजूला घेतली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो. मकबूलच्या बाबतीत आपण आपल्या वाट्याचं घेऊन पुढे निघून गेलो, असं मला गेली वीसेक वर्षं वाटत आलंय. तो हयात असताना हे त्याला अनेकदा बोलून दाखवलं आणि दर वेळी शिव्या खाल्ल्या. आता शिव्या घालायला तो नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं आयटीआयचे, सिव्हिल ड्राफ्ट्समन. तो रत्नागिरीच्या राजिवड्याचा, मी शाळामास्तरांचा मुलगा. बोर्डावर टी-स्क्वेअर लावून त्याने काढलेली रेष पाहून आमचे निदेशक म्हणायचे, ही पुसायला जीव होत नाही. पण आम्ही बाहेर पडेपर्यंत बोर्डाचे दिवस सरत आले होते. अठ्ठ्याण्णव साली जो तो विचारायचा, कॅड येतं का? म्हणजे संगणकावर नकाशे काढता येतात का? रत्नागिरीत जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर तसा क्लास निघाला होता. चपला जिन्यात काढायच्या, संगणकावरची फुलाफुलांची कापडं घडी करून ठेवायची आणि एका संगणकापुढे दोघांनी बसायचं, कारण संगणक कमी आणि पोरं जास्त. मकबूल उजव्या खुर्चीत बसला, मी डाव्या. माझी इंग्रजी टायपिंगची परीक्षा झाली होती, म्हणून कीबोर्ड माझ्याकडे आला. माउस त्याच्याकडे. हे कुणी ठरवलं नाही, झालं आपोआप.

काय सुरेख दिवस होते ते! बोर्डावर आधी प्रमाण ठरवायचं आणि मग घर लहान करून कागदावर बसवायचं, ही आमची सवय. संगणकावर मात्र भिंत जेवढी असेल तेवढीच काढायची, लहान करायचं ते छापताना. हे समजलं त्या दिवशी मकबूलने स्वतःचं अख्खं घर पडवीपासून परसातल्या विहिरीपर्यंत खऱ्या मापात काढलं आणि म्हणाला, "विन्या, आत चालत जावंसं वाटतं रे." तो मोठ्याने आज्ञा सोडायचा आणि मी टाइप करायचो. "ऑफसेट, दोनशे तीस!" की रेषेला बरोब्बर विटेच्या भिंतीच्या जाडीवर समांतर रेष. "ट्रिम!" की तो माउस नेऊन पुढे आलेलं रेषेचं शेपूट छाटणार. त्याचा शब्द आणि माझी बोटं यांच्यात अंतरच उरलं नव्हतं. क्लासमध्ये आमच्याइतकं जलद कुणी नव्हतं. आम्हाला त्याचा गर्वही झाला होता.

मग आखातातल्या एका कंपनीसाठी माणसं निवडायला मुंबईचा एजंट आला. एका लॉजच्या हॉलमध्ये चाचणी होती. मकबूलला ती नोकरी हवीच होती. त्याचे अब्बा जहाजावर खलाशी, त्यांनी पोराचेही कागद करून ठेवले होते. आणि या खलाशाच्या पोराला बोट लागायची! भाट्याच्या खाडीतसुद्धा तो होडीत डोळे मिटून बसायचा. नोकरी नाही मिळाली तर समुद्र, एवढं सरळ होतं.

हॉलमध्ये माणशी एक संगणक. माझ्या हातात माउस आला आणि पडद्यावरची फुली दारू प्यायल्यासारखी हिंडू लागली. शेजारच्या टेबलावर मकबूल एका बोटाने ऑफसेटचा 'ओ' शोधत होता. तरी मी कशाबशा चार भिंती आणि एक जिना उभा केला. तेवढ्यात अडलेला मकबूल सवयीने ओरडला, "ट्रिम!" आणि माझ्या बोटांनी इमानेइतबारे माझ्या संगणकावर ट्रिम केलं... पुढच्या गोंधळात माझी पश्चिमेची भिंत गेली, तिच्यामागून जिनाही गेला. एजंटने आम्हा दोघांनाही उठवलं.

खाली टपरीवर चहा घेताना मी रडायच्या बेतात होतो. मकबूल मात्र हसू आवरत म्हणाला, "मेल्या, आपण दोघं मिळून एक ड्राफ्ट्समन, आणि तिकिटं मागतोय दोन!"

"तू ओरडलास कशाला?"

"तू ऐकलंस कशाला?"

एजंट दोन महिन्यांनी पुन्हा येणार होता. दुसऱ्या दिवसापासून मकबूलने खुर्च्या बदलल्या. तो डावीकडे, मी उजवीकडे. मी माउस आवळून धरायचो, तर तो मनगटावर चापट मारायचा. "सुकान असं धरतात काय? नुसता हात ठेव. जाईल तो." त्याला स्वतःला अक्षरं सापडत नसत. मग बंदरातल्या लाँचींची नावं तो इंग्रजीत टाइप करत बसायचा. सगळी नावं झाली की पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या चाचणीत माझं ड्रॉइंग ओबडधोबड झालं, पण मापांसकट पूर्ण झालं. काम संपवून मी शेजारी पाहिलं. मकबूलच्या पडद्यावर देखणा आराखडा होता, जिन्याची पायरीन् पायरी नेमकी. मापं टाकायची राहिली होती आणि तो एकेक आकडा शोधत होता. माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते आणि त्याला हात कमी पडत होते... ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून आजही हललेलं नाही. मी काही करू शकत नव्हतो, हे मलाही कळतं. कळून उपयोग होत नाही. निवड माझी झाली.

मी मस्कतला गेलो. त्याचं काय झालं ते पत्रांतून आणि मागाहून त्याच्याच तोंडून कळलं. अब्बांनी बॅग भरायला सांगितली तेव्हा त्याने ठाम नकार दिला. "मग काय, जन्मभर उंदीर फिरवशील?" अब्बांनी विचारलं. "तो फिरवता येतो. टायपिंग तेवढं राहिलंय," हा म्हणाला. अब्बा हसले आणि त्यांनी पावसाळा संपेपर्यंतची मुदत दिली. पावसाळ्यात क्लास ओस पडायचा. मकबूल दिवसभर तिथे बसायचा. गणपतीच्या आसपास एका आंबा बागायतदाराच्या घराचा नकाशा त्याने एकट्याने पूर्ण केला, मापांसकट. तो नकाशा घरी नेऊन अब्बांपुढे उलगडला. अब्बांना त्यातलं काही कळलं नसावं. पण जहाजाचे कागद पुन्हा निघाले नाहीत. पुढे क्लासचे मालक मुंबईला गेले आणि क्लास मकबूलने चालवायला घेतला.

मी सुट्टीवर आलो की त्याच्यासाठी काहीबाही आणायचो. एकदा तो वैतागला. "दर खेपेला अत्तर काय आणतोस? मी काय कबरीत आहे? आणि ते तोंड सरळ कर. तू माझी नोकरी नेली नाहीस, तुझी नेलीस. माझी इथेच होती, वायच उशिरा मिळाली." मी मान हलवली. पटलं मात्र नाही. पुढे मी मस्कत सोडून पुण्याला आलो, तरी एवढी वर्षं तो तिथे बसून शिकवत असताना मी त्याच्या क्लासच्या वेळेला कधी गेलो नाही. नेहमी संध्याकाळी, पोरं गेल्यावर. त्याला त्या खुर्चीत शिकवताना पाहण्याचा मला धीर नव्हता.

गेल्या आठवड्यात गेलो, क्लासच्या वेळेला. शाहीनभाभीने क्लास बंद ठेवला नव्हता, ती स्वतःच चालवते आहे. नवे, पातळ पडद्यांचे संगणक होते, मुलांच्या संख्येला पुरतील इतके. तरी निम्मे कापडाखाली झाकलेले आणि प्रत्येक चालू संगणकापुढे दोघं दोघं. मी भाभीकडे पाहिलं. "पहिले तीन महिने असंच बसवायचे," ती म्हणाली. "एकट्याने बसलं की पोरं चूक लपवतात, म्हणायचे. दोघांत लपत नाही."

एका मुलीची जोडीदारीण आली नव्हती. "काका, बसता?" तिने विचारलं. मी डावीकडच्या खुर्चीत बसलो. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. एक खोली झाली, मग दुसरी. किती दिवसांनी माझी बोटं अशी चालत होती! मी रंगून गेलो होतो आणि अचानक खोलीभर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. भाभी काही बोलली नव्हती. घंटा वाजली नव्हती. पोरं आपणहून उठली होती आणि जागा बदलत होती.

मी तसाच बसून होतो. ती मुलगी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"उठा काका," ती म्हणाली. "आता माउस तुमचा."