तीस दिवसांचा पाहुणा

"चालून राहिलंय की! मग?"

अप्पांना काही नवीन घ्या म्हटलं, की हे उत्तर ठरलेलं. म्हणताना डावा तळवा त्या वस्तूवर ठेवायचे, ताप बघावा तसा. स्कूटर, टेबलफॅन, कॉम्प्युटर, सगळ्यांना तोच न्याय. स्कूटरची किक बसायची बंद होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणून ती रोज उताराकडे तोंड करून लावायचे आणि घरी जाताना ढकलून चालू करायचे. म्हणजे चालूनच राहिली होती म्हणा.

निलंग्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ. मूळचे भोकरकडचे, पण आयुष्य इथेच गेलेलं. स्टुडिओच्या पुढच्या अर्ध्या भागात माझं झेरॉक्सचं मशीन आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं टेबल, मध्ये हिरवा पडदा, आणि पडद्यामागे अप्पा. मी उदगीरची, लग्न होऊन इकडे आले. तोंडाने फटकळ आणि डोक्याने तापट, हे मीच सांगून टाकते, नाहीतर गावात कुणीही सांगेल. अशी मी आणि असा तो शांत म्हातारा, नऊ वर्षं एका छताखाली नांदलो.

लग्नाचे फोटो त्यांनी केव्हाच सोडले होते. पासपोर्ट साइजचे फोटो लोक आता मोबाइलवर काढून माझ्याकडे छापायला आणतात. अप्पांकडे एकच काम उरलं होतं. घरातलं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि आपल्याकडे म्हातारीचा एकटीचा फोटो जिवंतपणी काढतं कोण? तुमच्याही घरात बघा. सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत, कडेला उभी असलेली, अर्धा चेहरा पदराआड. त्या गर्दीतून तिला हाताला धरून बाहेर आणायचं काम अप्पांचं.

त्याआधी ते घरच्यांना समोर बसवायचे, चहा सांगायचे आणि विचारत सुटायचे. चष्मा होता का? टोपी तिरकी घालायचे का सरळ? हसल्यावर कोणता दात दिसायचा? रडत आलेली माणसं बोलता बोलता हसायला लागायची. माझ्या टेबलापुढे फॉर्मवाल्यांची रांग आणि आत ह्यांची बैठक! मी पडद्यातून ओरडायचे, "अप्पा, फोटो करायलाव का सोयरीक जमवायलाव?"

"इचारल्याबिगर माणूस कसा घावंल, माय?" आतून शांत आवाज यायचा.

हे सगळं ते ज्या सॉफ्टवेअरवर करायचे, ते पंधरा वर्षांपूर्वी लातूरहून सीडीवर आणलेलं. त्यातलं एकेक बटण त्यांना पाठ होतं, आणि ते बरंच होतं, कारण बटणावरची अक्षरं त्यांना आता दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. त्यातच लोकांकडे नवे मोबाइल आले आणि त्या मोबाइलमधले फोटो ह्या जुन्या प्रोग्रामात उघडेचनात. फाइल टाकली की नुसती राखाडी चौकट. गिऱ्हाईक तोंडाकडे बघायचं, अप्पा स्क्रीनकडे बघायचे. एका महिन्यात तीन घरं परत गेली. तिसरं घर गेलं तेव्हा अप्पा पडद्याबाहेर आले आणि म्हणाले, "ताई, तुमाला आतली जागा लागती का? मशीन एखांदं वाढवा. माझं झालं आता."

मला राग आला. खरं सांगते, रडूही आलं, पण मी रागच दाखवला. "झालं म्हंजे? पाय धड हायत, डोकं धड हाय. एका सॉफ्टवेअरपायी घरी बसताव?"

मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर दर महिन्याला पैसे मागतं, ते आमच्या गल्लीला झेपणारं नाही. पण एक स्वस्तातलं होतं, एकदाच पैसे भरायचे आणि वापरायचं. सगळे फोटो उघडतं, बटणं मोठी, चेहरा आपोआप साफ करतं. शिवाय तीस दिवस फुकट. मी हे त्यांना चार वेळा समजावून सांगितलं. त्यांनी तळवा जुन्या कॉम्प्युटरवर ठेवला.

"चालून राहिलंय की..."

"न्हाई चालायलंय, अप्पा! न्हाई चालायलंय!"

गल्लीतला चहावाला वाकून बघायला लागला. अप्पांनी तळवा उचलला. मग म्हणाले, "बरं. तीस दिवस पाहुणा म्हणून ठिवा. पाहुण्याचं वागणं बघू, मग ठरवू."

आणि खरंच पाहुण्यासारखंच वागवलं हो! सकाळी ते उघडायचे, इकडून तिकडून बघायचे आणि बंद करून टाकायचे. काम एकही सांगायचे नाहीत. मी विचारलं की उत्तर, "आलाय तर बसू द्या की घटकाभर." बावीस दिवस असे गेले.

तेविसाव्या दिवशी एक चाळिशीचा माणूस आला. डोक्याचं मुंडण ताजं होतं. आई गेली होती. मोबाइलमध्ये पुतणीच्या लग्नातला फोटो, त्यात टोकाला आई. "ताई, हा एकच हाय बघा. परवा तेरवी हाय. साडेअकराची गाडी धरायची हाय मला."

अप्पा बँकेत गेले होते. गाडीला अर्धा तास होता. मी म्हटलं, हीच वेळ. पडद्यामागे जाऊन बसले, नव्या प्रोग्रामात फोटो उघडला, आईचा चेहरा कापून मोठा केला आणि 'चेहरा सुधारा' असं बटण होतं ते दाबलं. अहो, काय सांगू! धुरकट चेहरा एकदम लख्ख उजळला. फ्रेम करून दिली. तो माणूस बघतच राहिला, हात जोडून गेला. अप्पा आल्यावर मी तोऱ्यात सांगितलं, "वीस मिनिटांत! तुमचा चहासुद्धा लागला न्हाई."

त्यांनी एवढंच विचारलं, "काय काय इचारलं त्येला?"

मी काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस परत आला. बरोबर पंचाहत्तरीची एक म्हातारी, गेलेल्या बाईची थोरली बहीण. तिने फ्रेम माझ्या टेबलावर ठेवली आणि काचेवरून बोट फिरवलं. आधी कपाळावर, मग हनुवटीवर.

"हिचं गोंदन कुठं हाय? ही कोन बया आनलीय आमच्या घरात?"

म्हातारीच्या स्वतःच्या कपाळावर हिरवट चंद्रकोर होती आणि हनुवटीवर तीन ठिपके. तसंच गोंदण गेलेल्या बहिणीलाही असणार. मूळ फोटो काढून बघितला, तर लग्नाच्या त्या गर्दीत तिचा चेहरा शेंगदाण्याएवढा, आणि गोंदण म्हणजे नुसते काळसर धब्बे. प्रोग्रामने ते डाग समजून पुसून टाकले होते. त्याला काय माहीत गोंदण? पण मला तर माहीत होतं ना! माझ्या आजीला होतं.

तेरवी उद्यावर आलेली. पाहुणे येणार, त्या फोटोला हार घालणार. तो माणूस भिंतीला टेकून नुसता फ्रेमकडे बघत होता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आता अप्पा पाहुण्याला हाकलणार, दुकान बंद करणार आणि त्याला कारण मी, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अप्पा पडद्याबाहेर आले. म्हातारीपुढे स्टूल सरकवलं आणि चहा सांगितला.

"मावशी, कवा गोंदलं वो तुमी?"

म्हातारी खुलली. देवणीच्या जनावरांच्या बाजाराला बाप बैल घ्यायला गेला होता, तेव्हा दोघी पोरी मागे लागून गेल्या. तिथे गोंदणारीण बसली होती. "मी गप पडले. ही लई रडली. मी धरून ठिवली तिला, तरी हालली शेवटाला. म्हून तर तिचा तिसरा ठिपका वाकडा हाय. खाली गेलाय जरा, डाव्या अंगाला. बाप लई वरडला, आन् मी लई हासले."

अप्पांनी कपाटातून कॅमेरा काढला. कित्येक वर्षांनी. म्हातारीचं कपाळ आणि हनुवटी अगदी जवळून टिपली. मग पडद्यामागे जाऊन त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, आणि मी बघितलं, त्यांनी पाहुण्यालाच उघडलं.

"अप्पा, जुन्यात करा ना," मी म्हटलं.

"जुन्यात ह्यो फोटो उघडत न्हाई, माय. आन् ह्याच्यात मोठं करून दिसतंय मला."

दोन तास लागले. मी बाहेरचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि फॉर्मवाल्यांना दुपारी या म्हणून सांगितलं. अप्पांनी थोरलीच्या कपाळावरची चंद्रकोर उचलून धाकटीच्या कपाळावर बसवली. प्रोग्रामने गुळगुळीत केलेल्या सुरकुत्या परत आणल्या. मग हनुवटीवर एक ठिपका, दुसरा ठिपका. तिसरा ठेवला आणि म्हातारीला आत बोलावलं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"खाली घे. अजून. डावीकडं... हां. ऱ्हाऊ दे."

आणि पदर तोंडाला लावून म्हातारी रडायला लागली. "आली गं बया," म्हणाली. तो मुंडण केलेला लेक इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला. मीही रडले, आणि ह्या खेपेला लपवलं नाही.

निघताना म्हातारी उंबऱ्यावर थांबली. "माझाबी काढून ठिव रं आत्ताच. मेल्यावर कुनाकुनाला इचारत बसशील?"

अप्पा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी तिचा फोटो तिथेच काढला. ती माणसं गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं. काढून टाकते तो प्रोग्राम."

"कामून? त्येला जे सांगितलं ते त्येनं केलं. इचारायचं काम त्येचं न्हाई, आपलं हाय." मग डावा तळवा स्क्रीनवर ठेवून म्हणाले, "आजून सहा दिवस कशाला थांबायलाव? भरून टाका पैशे. ऱ्हाऊ द्या पाहुण्याला."

त्यानंतर अप्पांनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर 'जिवंतपणी फोटो काढून घ्या' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि बाहेर टांगला. अख्खी गल्ली हसली. मी म्हटलं, धमकी वाटतीय ही! पण बाजारच्या दिवशी म्हाताऱ्या खरंच यायला लागल्या. डोक्यावरचा पदर सावरून, नथ घालून, एकमेकींना ढकलत. अप्पा एकेकीचं गोंदण विचारायचे, कुठे गोंदलं, कोण रडलं. मी रांग लावायचे. ओरडायचे पण कमी.

मागच्या वर्षी लातूरला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. लेक तिथेच असते, ती आता एकटं राहू देत नाही. तिथल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पुढ्यात बसवून त्यांनी पुन्हा तेच सुरू केलंय आणि फोटो छापायला माझ्याकडे पाठवतात. स्कूटर इथेच आहे, उताराकडे तोंड करून. पडद्यामागच्या खुर्चीवर आता मी बसते. फोन केला की अप्पा विचारतात, "चहा सांगताव ना लोकांला?" हाव, अप्पा, सांगते.

परवा कॉम्प्युटर उघडला तर स्क्रीनवर सूचना. प्रोग्रामची नवी आवृत्ती आलीय, घ्यायची का? मी लगेच लातूरला फोन लावला.

"अप्पा, घ्यावं का?"

"चालून राहिलंय ना? मग?"

"चालायलंय, पण नवं..."

तिकडे अप्पा खाकरले. मग म्हणाले, "तीस दिवस पाहुणा ठिवा. आन् पहिल्या दिवशी मावशीला बसवा त्येच्यापुढं."

ती गोंदणाची मावशी अजून खणखणीत आहे. दर बाजाराला येऊन शोकेसमधला स्वतःचा फोटो बघून जाते. तोच फोटो मी नव्या आवृत्तीत उघडला. प्रोग्रामने क्षणभर चेहरा तपासला आणि विचारलं: चार डाग सापडले, काढू का?

जुना पाहुणा आपला न विचारता पुसायचा. हा निदान विचारतो तरी, मला तेवढ्यानेच बरं वाटलं. मी डावा तळवा स्क्रीनवर ठेवला, 'नाही' वर क्लिक केलं आणि बाहेर चहावाल्याला दोन चहा सांगितले. माझ्या टेबलाशी एक बाई गेलेल्या नवऱ्याचा फोटो हातात घेऊन कधीची उभी होती. तिला आत बोलावलं आणि विचारलं, "बसा माय. हसल्यावर कसे दिसायचे हो ते?"