रेडिओनं भिजवलेला जोंधळा

आमच्या घरचा रेडिओ बंद पडला, आणि त्यानंतरच तो खऱ्या अर्थानं बोलू लागला.

ही निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. लोहाऱ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि सोलापुरात मॅट्रिकपर्यंत जाऊन (मॅट्रिकच्या पलीकडे न जाता) परत आलो होतो. मला शेतीचा कंटाळा होता, मतांचा नव्हता. लढाई, पाऊस, नांगरट, सायकल, सरकार, कशावरही माझं मत तयार असे. अडचण एवढीच, की ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं की माझे वडील, म्हणजे अण्णा, म्हणत, "काशिनाथ, बैलाला पेंड घातली का?"

अशात सोलापूरच्या मामांनी नवा रेडिओ घेतला आणि जुना मला देऊन टाकला. गावात वीज नव्हती, पण हा मोटारीच्या बॅटरीवर चाले. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. तिथल्या कारकुनाला यादीत रेडिओ सापडेना. त्यानं बराच विचार करून 'कपाट, लहान' असं लिहिलं आणि आम्हाला सोडलं.

त्या लहान कपाटानं गाव गोळा केलं. रोज दिवस मावळायला पोलीस पाटील येत, दुकानदार शिवलिंगप्पा येई, मळणीवरचे गडी येत. अण्णा तर रेडिओपुढं बसताना पागोटं नीट करत. (माझ्यापुढं त्यांनी कधी टोपीसुद्धा सरळ केली नव्हती.) बातम्या मुंबईहून येत आणि मुंबईच्या माणसाला पेंडीबद्दल विचारायची सोय नव्हती, त्यामुळं सगळे निमूट ऐकत.

पंधरा दिवसांत बॅटरी उतरली. ती भरून आणायची तर सोलापूर गाठायला हवं. अण्णा म्हणाले, "मळणी उरकल्याबिगर बैल मिळायचे न्हाईत." इकडे रेडिओचा आवाज रोज बारीक होत गेला. मग मी पेटीला कान लावून ऐकायचो आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगायचो. एका संध्याकाळी कान लावला, तर आत काहीच नाही. पूर्ण शांतता! मान वर केली, तर पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पंचवीस! आयुष्यात पहिल्यांदा!

"काय म्हंतोय?" पोलीस पाटलांनी विचारलं.

मी घसा साफ केला. "म्हंतोय, लढाई आता लई दिवस चालायची न्हाय."

"आन् आपल्या सरकारबद्दल?"

पाटलांच्या कमरेला सरकारी पट्टा होता. मी पुन्हा कान लावला. "सरकार खुशाल हाय म्हंतोय."

पाटील समाधानानं घरी गेले. मला मात्र झोप लागेना. केवढा दरवाजा उघडला होता! दुसऱ्या दिवसापासून माझी सगळी मतं मुंबईमार्गे गावात येऊ लागली. सायकल हे शेतकऱ्याचं खरं वाहन आहे, असं रेडिओ म्हणाला. विलायतेत जेवणानंतर तासभर आडवं झाल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही, असंही म्हणाला. हेच मी दोन वर्षं सांगत होतो तेव्हा अण्णांनी मला ऐतखाऊ म्हटलं होतं. आता त्यांनी स्वतः गड्यांना सांगितलं, "दुपारी जरा पडत जा रे. काम जास्ती व्हतंय म्हनं त्यानं."

आठव्या दिवशी माझी बायको शांता चुलीपाशी हळूच म्हणाली, "अवं, रेडिओ ब्येस बोलतोय सध्या."

"मग! मुंबईचा माणूस आहे."

"व्हय की. पर परवा बॅटरीचं पाणी सांडून माझं लुगडं जळलं, तवा म्या ती उचलून गोठ्यात ठिवली. म्हशीच्या पल्याड."

मी भाकरीचा तुकडा हातातच धरून बसलो. म्हणजे दोन दिवस मी ज्याला कान लावून घाम पुसत होतो त्याला बॅटरीच जोडलेली नव्हती!

"कुणाला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?" ती भाकरी थापत म्हणाली. "फक्त उद्या त्याला म्हणावं, शिमग्याला सुनांना म्हैनाभर माहेरी धाडत जा. बघा, सुचतंय का त्याला."

त्याला सुचलं. माझ्या आईनं डोळे पुसले आणि शांताचं गाठोडं बांधायला घेतलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण रोज गंभीर चेहऱ्यानं सांगता सांगता माझा स्वतःचाच त्या बातम्यांवर विश्वास बसू लागला. आणि नेमकी त्याच सुमारास आमची मळणी संपली. वर्षाचा जोंधळा खळ्यावर उफणून पडला होता. टपोऱ्या मोत्यांची रास! घर त्याच्यावर, गडी त्याच्यावर, पुढलं वर्ष त्याच्यावर. पोत्यांत भरून घरी आणायचं तेवढं राहिलं होतं, तेवढ्यात मावळतीकडे काळं दिसू लागलं. अण्णा खळ्यावरून तडक घरी आले.

"काशिनाथ, इच्यार त्याला. आभाळाचं काय म्हंतोय?"

खरं उत्तर सोपं होतं: पोती भरा, गाडी जुंपा, रास घरी आणा. पण पोती भरायला माझेच हात लागणार होते, आणि माझं त्याबद्दल एक जुनं मत होतं. मी कान लावला. चांगला लावला. अण्णा श्वास रोखून उभे होते.

"पाच दिवस कोरडं म्हंतोय."

"पर वारं फिरलंय की रे."

"वाऱ्याचं त्यानं धरलंय हिशेबात."

"मग कडबा तरी टाकू का वरनं?"

"कशाला, अण्णा? मुंबईच्या माणसाला आपल्यापेक्षा कमी कळतंय का?"

अण्णांनी आभाळाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा आभाळावर अविश्वास दाखवला.

जेवणं होतात न होतात तोच पत्र्यावर गार पडली. मग दुसरी. मग मोजायला सवड राहिली नाही. आम्ही घोंगड्या डोक्यावर घेऊन धावलो, पण पोचेपर्यंत रास बसकी झाली होती आणि खळ्याच्या कडेनं जोंधळा ओढ्याकडे निघाला होता.

सकाळी चिखलात सगळे उभे होते. अण्णा वाकून ओला दाणा तळहातावर घोळवत होते. त्यांचा तो हात पाहिला आणि माझ्यानं राहवलं नाही.

"अण्णा, रेडिओ मुकाच हाय. लई दिवस झाले. ते सगळं मीच बोलत व्हतो."

मग शिवलिंगप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अय्यो, काशिनाथ! दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊ नको बाबा."

"खरंच सांगतोय! लढाई, सायकल, दुपारची झोप, समदं माझंच!"

पोलीस पाटील हसू दाबत म्हणाले, "येवढं समदं तुला सुचतंय व्हय रे?"

अण्णा उठले. मला वाटलं, आता मुस्कटात बसणार. त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की त्यापेक्षा मुस्कटात परवडली असती. "पोरगं मनानं चांगलं हाय," ते पाटलांना म्हणाले. "त्या मुंबईवाल्याला वाचवायला बघतंय."

मी गोठ्यात नेऊन बॅटरी दाखवली. अण्णा म्हणाले, "भिऊन लपवली असंल तू. ऱ्हाऊ दे."

जोंधळा आम्ही आठ दिवस वाळवला. निम्मा हाती लागला, तोही काळा पडलेला. वर्षभर आमच्या घरी काळपट, कडवट भाकरी होती. पाहुणा आला आणि भाकरीकडे बघू लागला, की अण्णा सांगत, "मुंबईवाल्यांनी भिजवला."

मी खाली मान घालून चावत असे. आयुष्यात एकच मोठं काम मी कुणाच्याही मदतीशिवाय पार पाडलं, आणि त्याचंही श्रेय मुंबईला गेलं!